अँटिलोप कॅन्यन: दुपारच्या कवडशासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

सांजसावली

मंडळी, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भावाकडे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या फिनिक्सला चालले आहे. आई बरोबर आहे. वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. तिथून दोन दिवस पेज या गावी जायचं ठरतंय आणि अँटिलोप कॅन्यन बघायचंच आहे. गेली दहा-बारा वर्षं त्या घळीचे फोटो बघून ठेवलेत: केशरी भिंती, वरून सरळ खाली उतरलेली उन्हाची तिरीप, खाली वाळूवर पडलेला कवडसा.

आता अडलंय ते असं. दुपारच्या वेळेचं तिकीट सकाळपेक्षा बरंच महाग आहे, का तर म्हणे तेव्हा कवडसा दिसतो. तो खरंच फोटोतल्यासारखा दिसतो का? की गर्दीत कुणाच्या तरी टोपीवर पडतो आणि संपतो? दुसरं, ट्रायपॉड नेऊ देत नाहीत असं वाचलं. माझ्याकडे मिररलेस कॅमेरा आणि १६-३५ एफ ४ ची लेन्स आहे. हातात धरून त्या अंधारात काय हाती लागेल? आणि घळीच्या दोन भागांपैकी अप्पर घ्यावं की लोअर?

जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर लिहा. आगाऊ आभार.

वाळवंटी_वारा

फिनिक्सला राहतो. पाहुणे आले की पेजची फेरी ठरलेली, त्यामुळे चार वेळा झालंय.

आई बरोबर असतील तर अप्पर. तिथे जमिनीच्या पातळीवरूनच आत शिरता येतं, खाली सपाट वाळू आहे. लोअरला लोखंडी जिन्यांवरून जमिनीच्या पोटात उतरायचं, मग वाकत-वळत पुढे जायचं आणि शेवटी पुन्हा चढून बाहेर. गुडघे नको म्हणतील. मात्र एक लक्षात ठेवा, अप्परलाही आता वाट एकदिशाच आहे. घळीतून पलीकडे निघून बाहेरच्या बाजूने वळसा घालून परत यायचं, त्यात चढउताराचे जिने आहेत. सावकाश गेलं तर माझ्या सासूबाईंना जमलं होतं.

फोटोच्या दृष्टीने दोन्हींचा घाट उलटा आहे. अप्पर घंटेसारखी, वर चिंचोळी आणि तळाशी ऐसपैस. लोअर नरसाळ्यासारखी, वर मोकळी आणि तळाशी पाऊल ठेवायला जेमतेम जागा. म्हणून लोअरमध्ये उजेड भरपूर. अप्परमध्ये अंधार जास्त, आणि वरची फट अरुंद असल्यामुळेच तिथे ती तिरीप तयार होते.

रानफूल

ट्रायपॉडला बंदी कधीपासून? आम्ही २०१६ ला खास फोटोवाल्यांची फेरी घेतली होती. दोन तास, ट्रायपॉडसकट.

वाळवंटी_वारा

@रानफूल, त्या फेऱ्या २०१९ च्या डिसेंबरात बंद झाल्या. आता ट्रायपॉड, मोनोपॉड, सेल्फीची काठी, पाठीवरची सॅक, काहीच आत नेता येत नाही. कॅमेरा गळ्यात आणि पाण्याची बाटली हातात, संपलं.

कातळवेडा

सांजसावली, माझं मत विचाराल तर कवडशाच्या मागे लागू नका. त्या घळीतली खरी नवलाई थेट उन्हात नाही. ऊन जिथे दोन-तीनदा आपटून येतं तिथे आहे.

नीट सांगतो. घळीचा खडक म्हणजे ज्युरासिक काळातल्या वाळवंटातल्या टेकड्या, दगड झालेल्या. भिंतीवर ज्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा दिसतात त्या पाण्याने काढलेल्या नाहीत, वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या थरांच्या आहेत. पाण्याने नंतर त्यांना फक्त कापून उघडं केलं. वाळूच्या कणांवर लोहाच्या गंजाचा पातळ थर आहे, म्हणून तांबूस रंग.

आता ऊन वरच्या काठावर पडलं. समजा त्यातल्या लाल उजेडाचे १०० भाग पडले तर ७० परततात आणि निळ्याचे १०० पडले तर २०. हा परतलेला उजेड समोरच्या भिंतीवर आपटला की लालाचे ४९ उरतात, निळ्याचे ४. तिसऱ्यांदा आपटला की ३४ आणि जेमतेम १. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण रीत हीच. प्रत्येक उसळीला उजेड मंद होतो आणि रंग गडद होत जातो. म्हणून वरच्या काठाला फिकट पिवळं, मध्यावर केशरी आणि तळाकडे पेटत्या निखाऱ्यासारखं लाल दिसतं. जिथे उन्हाची उसळी पोचतच नाही, फक्त आभाळाचा उजेड झिरपतो, तिथे तोच खडक जांभळट-निळा.

हे सगळं एकाच वळणावर, हाताच्या अंतरात मिळतं. तुमची चौकट तिथे लावा. आभाळाची फट मात्र चौकटीत घेऊ नका. ती पांढरीफटक जळते आणि डोळा तिकडेच पळतो.

निरगाठ

मी गेलो होतो आणि स्पष्ट सांगतो, मला तसं काही दिसलं नाही. भिंती बदामी-तांबूस होत्या. सुंदर होत्या, वाद नाही, पण जांभळं-बिंभळं नाव नको. नेटवरचे फोटो संगणकावर रंग ओतून केलेले असतात. माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यातही तपकिरीच आले. लोकांनी भलत्या अपेक्षा घेऊन जाऊ नये म्हणून लिहितोय.

तिसरा_डोळा

कातळवेडांचा मुद्दा मान्य, पण कवडसा सोडा हे मान्य नाही. मी जूनमध्ये अप्परला गेले होते. घळीत तीसेक माणसं कुजबुजत होती. तिरीप उतरली आणि सगळे गप्प झाले. पाच मिनिटांत ती भिंतीच्या कडेवर सरकली, पातळ झाली, गेली. ते बघायला मिळावं म्हणून मी पुन्हा तेवढेच पैसे देईन.

थोडं गणित देते, वेळ ठरवायला उपयोगी पडेल. पेजचा अक्षांश ३६.९ उत्तर. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ७२ अंशांवर येतो, जूनअखेर ७६ च्या वर, डिसेंबरात कसाबसा ३०. आपल्याकडे पुण्यात मेच्या मध्यालाच शून्य सावलीचा दिवस असतो, पेजला सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. त्यामुळे मार्चअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात एवढ्याच काळात ऊन त्या फटीतून तळापर्यंत पोचतं. आणि पेजच्या घड्याळात माध्यान्ह १२ ला नसते, साडेबाराच्या आसपास असते. साडेअकरा-बाराला आत शिरणारी फेरी मिळाली तर घ्या.

ठिणगी

पण ती तिरीप दिसावी म्हणून वाटाडे वाळू उडवतात ना? म्हणजे फोटोसाठी केलेला देखावाच झाला. २०१४ साली पीटर लिक या छायाचित्रकारांनी ‘फँटम’ नावाचा याच घळीतला फोटो ६५ लाख डॉलरना विकल्याचं जाहीर केलं होतं, त्यात धुळीच्या लोटाला माणसासारखा आकार आलाय. धूळ उडवून आकार घडवला तर तो घळीचा फोटो की धुळीचा?

तिसरा_डोळा

@ठिणगी, धुळीशिवाय तिरीप दिसणारच नाही. स्वच्छ हवेतून जाणारं ऊन बाजूने बघणाऱ्याला दिसत नाही, वाटेत काहीतरी अडून ते आपल्या डोळ्यांकडे वळावं लागतं. पन्नास माणसं वाळूतून चालली की धूळ आपोआपच उडते. वाटाड्याने ओंजळभर जास्त उडवली इतकंच.

माजघर

तुमचं हे बोलणं वाचून आमचं राजापूरचं घर डोळ्यांपुढे आलं. माजघर कायम अंधारलेलं, वर कौलारू छप्पर आणि मधेच एक काचेचं कौल. सकाळी नऊच्या सुमारास तिथून तिरीप यायची ती थेट उखळाशेजारी. आजी चूल फुंकत असायची आणि धूर त्या तिरिपेत शिरला की वळ्या वळ्या होऊन वर चढताना दिसायचा. तिरिपेच्या बाहेर तोच धूर दिसायचा नाही. आम्ही पोरं त्यात हात घालून बसायचो, पकडल्यासारखं करायचो. आजी कवडशाच्या जागेवरून वेळ सांगायची: उखळापाशी आला की भात वैरायचा.

तेव्हा ठिणगी, चुलीत फुंकर घातली म्हणून आजीचा कवडसा खोटा होत नाही. इथलीही वाळू खोटी नाही. मला तरी त्यात वावगं वाटत नाही.

ठिणगी

माजघर, प्रतिसाद फार आवडला. फुंकरीचा मुद्दा पटला. फावड्याने वाळू उडवून घेण्यासाठी वाटाड्याच्या मागे लागणारी माणसं मला खुपतात, ते मात्र कायम आहे. ती बारीक धूळ मागून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जाते.

रानफूल

आणि लेन्समध्ये! आत लेन्स बदलू नका ताई, काही झालं तरी. रांगोळीहून बारीक धूळ आहे. माझ्या बहिणीने एकदाच बदलली. पुढच्या सगळ्या सहलीत प्रत्येक आभाळात तेच सात ठिपके. सप्तर्षी म्हणून अल्बममध्ये लावलेत.

कातळवेडा

@निरगाठ, तुमच्या कॅमेऱ्यात तपकिरी का आलं ते सांगू शकतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर होता का? कॅमेऱ्याला वाटतं, सगळीकडे केशरी आहे म्हणजे दिव्याचा उजेड असणार, आणि तो बिचारा इमानदारीने केशरी काढून टाकतो. मग उरतं ते तपकिरी. कॅमेरा ‘डेलाइट’वर म्हणजे साधारण ५२०० ते ५५०० केल्विनवर अडकवून ठेवा, केशरी केशरी राहतं आणि निळी सावली निळी.

डोळ्यांचंही तेच. दहा मिनिटं केशरी खोलीत उभे राहिलात की मेंदू त्यालाच पांढरं मानायला लागतो. म्हणून तुम्हाला बदामी दिसलं. मी म्हणतो ते तपासायचं असेल तर आत जाताना पांढरा रुमाल न्या. वेगवेगळ्या वळणांवर उघडून धरा आणि रुमालाचा रंग बघा. रुमालाला कुणी संगणकावर रंगवलेलं नसतं.

निरगाठ

व्हाइट बॅलन्स ऑटोवरच होता. रुमालाची कल्पना मान्य, पण कुणीतरी करून दाखवल्याशिवाय जांभळं मान्य करणार नाही.

जुनाजाणता

धागा वाचून जुन्या स्लाइड्सची पेटी काढली. मी १९९५-९६ ला टूसॉनला शिकत होतो आणि तेव्हा लोअरला दोनदा गेलो. लाकडी शिड्या होत्या, त्याही हातांनी ठोकलेल्या. माणसं इतकी कमी की एका वळणावर तासभर बसलो तरी कुणी उठवलं नाही.

तेव्हा फिल्म. वेल्व्हिया ५० नावाची, लेन्सचं तोंड बारीक म्हणजे एफ १६, आणि शटर कधी ८ सेकंद तर कधी १५. त्या फिल्मला चार सेकंदांपुढे हिरवट झाक यायची, ती मारायला मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळा, फिल्टर लावायचा. शिवाय लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, मीटर सांगतो त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. ३६ फोटो म्हणजे ३६ निर्णय. त्या दिवशी मी ११ च काढले. उरलेला वेळ एका भिंतीवर उजेड खालून वर कसा सरकतो ते बघत बसलो. ऊन पश्चिमेच्या काठावरून पूर्वेच्या काठावर गेलं तशी समोरची भिंत विझली आणि जिथे मी पाठ करून बसलो होतो ती पेटली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मागे वळून बघा, एवढंच नवीन जाणाऱ्यांना सांगेन.

१२ ऑगस्ट १९९७ ला त्याच लोअरमध्ये पूर आला आणि ११ पर्यटक गेले. त्यांच्याबरोबरचा वाटाड्या तेवढा वाचला. घळीवर त्या दिवशी पाऊस जवळजवळ नव्हताच, वादळ काही मैल वरच्या अंगाला झालं होतं. ते पाणी कोरड्या ओढ्याने आलं. ज्या लाकडी शिड्यांवरून मी उतरलो होतो त्या वाहून गेल्या. बातमी मी पुण्यात वाचली. तो दिवस आठवला की त्या स्लाइड्स अजूनही लगेच पेटीत ठेवतो.

वाळवंटी_वारा

जुनाजाणता, लिहिलंत ते बरं केलंत. त्यानंतर तिथे लोखंडी जिने खडकात बोल्टने बसवले, पूर आला तर वरून खाली सोडायच्या जाळ्या ठेवल्या, हवामान रेडिओ आणि धोक्याचा भोंगा आला. वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही, त्यामागे पुराची भीतीही आहे. जुलै ते सप्टेंबर इथेही पावसाळा असतो, लोक त्याला ‘मॉन्सून’च म्हणतात. तेव्हा वाटाडे कधीकधी निरभ्र आभाळ असतानाही फेरी रद्द करतात. पर्यटक हुज्जत घालतात, मला फार राग येतो त्यांचा. जॉर्डनमधल्या पेट्राच्या ‘सिक’ या अरुंद घळीत १९६३ ला असाच पूर येऊन वीसहून अधिक माणसं गेली होती. कुठलीही घळ असो, वर चाळीस कोसांवर काय चाललंय ते आतल्या माणसाला दिसत नाही.

सह्यभटक्या

आपल्या सह्याद्रीतल्या सांधण घळीलाही हाच नियम. साम्रदचे गावकरी पावसाळ्यात उतरू नका सांगतात आणि शहरातली पोरं मोबाइलवर ऊन दाखवतात त्यांना.

रानफूल

सांधणचे फोटो कसे येतात? तिथे असे रंग मिळतील का?

सह्यभटक्या

रंग नाही. सांधण आहे बेसाल्टची, काळाकभिन्न कातळ. उजेड पितो तो, परत देत नाही. वाळूचा खडक उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर झेलत-टाकत तळापर्यंत आणतो, बेसाल्ट पहिल्याच उसळीला गिळून टाकतो. त्यामुळे सांधणमध्ये दुपारीसुद्धा वर ऊन आणि खाली संध्याकाळ. तिथे आकार शोधायचा: सुरुवातीच्या कुंडातल्या पाण्यात पडलेली आभाळाची पट्टी, ओल्या दगडाच्या धारा, कातळात अडकून राहिलेल्या शिळा. मी कृष्णधवलच काढतो.

अँटिलोपसारखी गोलाई बघायची असेल तर निघोजचे रांजणखळगे बघा. कुकडीच्या पात्रात पाण्याने गोटे गरागरा फिरवून बेसाल्टला रांजण पाडलेत. ओढ्याचं पाणी वाळू घेऊन फिरतं तेव्हा काय करतं ते पायाखाली उघडं दिसतं. आणि हो, तिथे ट्रायपॉड काय, चारपाई नेलीत तरी कुणी अडवत नाही.

माजघर

चारपाईवर झोपून एक्स्पोजर लावायचं, भाकरीच्या वेळेला उठायचं!

तिसरा_डोळा

मूळ प्रश्नाकडे येते, नाहीतर ताईंचं विमान निघून जाईल. ट्रायपॉडशिवाय:

लेन्स एफ ४ वरच ठेवा, पूर्ण उघडी. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० बिनधास्त. आजचे सेन्सर ते सहज पेलतात आणि वाळूच्या खडकाला मुळातच कणीदार पोत आहे, थोडे दाणे आले तरी खपून जातात. शटर १/३० सेकंदापेक्षा संथ ठेवायचं असेल तर श्वास सोडून, कोपर बरगड्यांना टेकवून, सलग तीन फोटो. तिन्हींतला मधला बहुतेक वेळा स्पष्ट येतो. भिंतीला टेकू नका, खडक मऊ आहे, खरवडतो.

रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. आणि मीटरवर विसंबू नका. इथे सगळ्यात आधी लाल रंग जळतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दाखवत असतानाच लालाची मर्यादा संपलेली असते आणि केशरी भिंतीवर सपाट, मेणासारखा डाग येतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम असेल तर तो लावा, नसेल तर सरसकट एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, कमी ठेवा. तिरिपेसाठी दोन. फोकस गुळगुळीत भिंतीवर धरत नाही, भिरभिरतो. जिथे उजेडाची आणि सावलीची कड आहे तिथे धरा.

आणखी एक, जे मला नंतर सुचलं. कातळवेडा म्हणतात तो उसळलेला उजेडसुद्धा अप्परमध्ये दुपारीच सगळ्यात जास्त असतो. सूर्य वर असला की पहिली उसळी खोलवर पडते.

खिशातला_कॅमेरा

आईंनी फोनवर काढले तर? तिथले वाटाडे फोन हातात घेऊन सेटिंग करून देतात, कुठे उभं राहून वर बघायचं तेही दाखवतात. फोनवर उजळ जागेवर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर अडकलं की बोट खाली ओढायचं. भिंत गडद झाली की रंग उमटतो. माझ्या आईचे फोटो माझ्यापेक्षा चांगले आले होते, कारण ती सांगेल तिथे बघत होती आणि मी मेनूत.

वाळवंटी_वारा

घड्याळाचं राहिलं! ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नवाहो आदिवासींचा प्रदेश करतो. घळ नवाहोंच्या जमिनीवर, पण पेजच्या फेऱ्या ॲरिझोनाच्या वेळेने चालतात. फोन मात्र जो टॉवर सापडेल त्याची वेळ दाखवतो. माझे मेव्हणे फोनवर वेळ बघून एक तास आधी पोचले आणि ‘उशीर झाला’ म्हणून धावत सुटले. मनगटी घड्याळ लावा.

कातळवेडा

नवाहोंचं नाव निघालंच आहे तर सांगतो, अप्परला त्यांच्या भाषेत ‘त्से बिघानिलिनी’ म्हणतात, खडकांतून पाणी वाहतं ती जागा. इंग्रजी नाव तिथे एकेकाळी हिंडणाऱ्या प्राँगहॉर्न हरणांवरून पडलं. मूळ नावातच सगळं आलंय, पाणी आणि वाट. आत गेलात की भिंतीवर डोक्याच्याही वर अडकलेली लाकडं दिसतात का बघा.

सांजसावली

सगळ्यांचे मनापासून आभार. तिकीट काढलंय, अप्पर, साडेअकराची फेरी. पांढरा रुमाल सामानात टाकला आहे. निरगाठ, तुमच्यासाठी.

सांजसावली

(तीन आठवड्यांनी)

परवा रात्री पुण्याला पोचले. लिहायचं राहू नये म्हणून आजच बसले.

त्या दिवशी आभाळात पातळ ढग होते, दुधाच्या सायीसारखे. जाळीदार टपाच्या गाडीतून वाळूच्या ओढ्याने घळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा वाटाड्या मुलगा वर बघून म्हणाला, आज घळ काय देते ते बघू. दोन वळणं आत गेलो आणि तिरीप आली, पण फिकी. कडा धूसर. वीसेक माणसांनी फोन वर केले, त्याने छोट्या फावड्याने थोडी वाळू उडवली, अर्ध्या मिनिटात ढग सरकला आणि तिरीप विझली. माझ्याकडे तिचे चार फोटो आहेत, एकही ठेवण्यासारखा नाही. दोनांत कुणाची तरी हिरवी टोपी आहे. (सुरुवातीला लिहिलं तेच घडलं!)

मग रुमाल काढला. आई म्हणाली, दे इकडे, तू फोटो काढ. तिने दोन्ही हातांनी तो दोरीवर वाळत घालावा तसा पसरून धरला. पहिल्या जागी, वरून उजेड येत होता तिथे, रुमाल चक्क केशरी. सत्यनारायणाच्या शिऱ्याला केशर घातल्यावर येतो तसा. आईच्या हातावरचे केससुद्धा सोनेरी दिसत होते. तिथून पाच-सहा पावलं पुढे भिंत आत वळते आणि वरचा काठ झाकला जातो, तिथे पुन्हा धरला. निळा. जांभळाकडे झुकणारा निळा, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. एवढंच नव्हे, तिसऱ्या जागी रुमालाची डावी बाजू केशरी आणि उजवी निळी होती, मधे घडीची रेघ. आई हसायलाच लागली. मागच्या एका जपानी आजींनी आपला पांढरा हातमोजा काढून शेजारी धरला, आणि मग दोन्ही आज्या एकमेकींच्या हाताकडे बघत उभ्या. वाटाड्याला आम्हाला पुढे हाकावं लागलं.

निरगाठ, डोळ्यांनी नुसत्या भिंतीकडे बघितलं तर मलाही बदामीच वाटत होतं, तुमचं खोटं नाही. रुमाल मधे आला की कळत होतं.

आता कामाचं. माझे बरे आलेले फोटो सगळे एफ ४, आयएसओ ३२००, १/२० ते १/३०, डेलाइट व्हाइट बॅलन्स, एक स्टॉप कमी. तीन-तीन काढण्याची युक्ती फार उपयोगी पडली. ऑटो व्हाइट बॅलन्सवर मुद्दाम एक काढून बघितला, भिंत अगदी चहाच्या गाळासारखी आली.

जुनाजाणता, मी मागे वळले. एका कोनाड्यावरून वाळू सुतासारखी ओघळत होती, कुणी हात न लावता, आणि तिच्या मागची भिंत तेवढी उजळलेली. सगळे पुढे निघून गेले होते. १/१५ ला काढला, थोडा हललाय, तरी तोच मोठा करून लावणार आहे. आणि कातळवेडा, लाकडं दिसली! माझ्या डोक्याच्या दीड पुरुष वर एक ओंडका आडवा अडकलाय. आईने तो पाहिला आणि त्यानंतर आभाळाकडेच बघत होती.

पैशांचं: कवडशासाठी दिले असते तर फुकट गेले म्हटलं असतं. पण त्या दुपारी, ढग असताना, मला १/३० मिळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला भाऊ आणि वहिनी अप्परलाच गेले. आभाळ स्वच्छ होतं, कॅमेरा माझाच, आणि त्यांना त्याच वळणावर १/८ च्या वर जाता आलं नाही. ट्रायपॉड नेऊ देत नाहीत तोवर दुपारचंच तिकीट घ्या, असं मी सांगेन.

निरगाठ

डावी केशरी आणि उजवी निळी असेल तर मी माझे शब्द मागे घेतो. जांभळं मान्य. माझ्या रॉ फाइल्स अजून आहेत, आज रात्री व्हाइट बॅलन्स बदलून बघतो.

जुनाजाणता

हललेलाच लावा. वाळू हलतच होती.

माजघर

आईंचा रुमाल धरलेला फोटो आधी इथे टाका, बाकीचं नंतर.

सांजसावली

टाकते. आईला विचारलं, ती म्हणते हात दिसले तर चालतील, चेहरा नको. तिसऱ्या वळणाचा टाकते, दोन रंगांचा. रुमाल अजून धुतलेला नाही, घडीत थोडी वाळू आहे.